मोकळी जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज समितीची पहिली बैठक झाली आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं.

नगरपालिकेने नेमलेली ही आमची पाच जणांची समिती. कुणाला दुकानाच्या, दवाखान्याच्या, ऑफिसच्या आवारात बदल करायचा असेल, झाडं काढायची किंवा लावायची असतील, गाड्या लावायला जागा वाढवायची असेल, तर अर्ज आमच्याकडे येतो. आम्ही तो तपासायचा, लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि हो किंवा नाही सांगायचं. मला का घेतलं विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही आयुष्यभर तपासणीचंच काम केलंय." खरंच आहे ते. बिस्किटांच्या कारखान्यात माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय खोकं बाहेर पडत नसे. कडा तुटलेली, रंग जास्त चढलेला, सगळं मी बाजूला काढायचे. पॅकिंगच्या बायका मला मागून 'चाळणी' म्हणायच्या. म्हणू देत.

तर समितीत मी, तोंडात सतत खोकल्याची गोळी घोळवणारे अध्यक्ष, एक तरुण इंजिनिअर, एक दातांच्या डॉक्टरीण बाई आणि निवृत्त बसड्रायव्हर, ज्यांना सगळे बसवाले काका म्हणतात.

पहिले दोन अर्ज किरकोळ होते. तिसरा टाइल्सच्या दुकानाचा. दर्शनी भागात गोल वाफे, हिरवळ, तालेवार दिसणारी पामची झाडं, आणि मागच्या बाजूला गाड्यांसाठी पक्की फरशी. मी नकाशा जवळ ओढला आणि अर्जदाराचं नाव वाचलं.

आमचे मेहुणे! धाकटीचा नवरा!

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आठ वर्षं मी त्या घराचं तोंड पाहिलेलं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं मी केलं, आणि धाकटी आली ती दोन दिवस. दोन दिवस! तिसऱ्या दिवशी सकाळी मेहुणे खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होते आणि ही आईच्या पायाशी बसून पिशवी भरत होती. मी म्हटलं, जा, तुला हौस आहे ना गाडीत बसायची. गेली. आईच्या नंतर मी तिच्याशी कामापुरतंही बोलले नाही.

आणि आता त्यांचा अर्ज माझ्यासमोर.

डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "मागे 'मोकळी जागा' लिहिलंय. मोकळी म्हणजे नक्की काय आहे तिथे?" मी म्हटलं, "मोकळी म्हणजे मोकळी." बसवाले काका म्हणाले, "मग एकदा जाऊन बघून येऊ या ना सगळे. एका जरी सभासदानं मागणी केली तरी जाता येतं." मी त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. नकाशा स्वच्छ आहे, मापं दिलेली आहेत, प्रत्येक दुकानाच्या मागे जाऊन डोकवायला लागलो तर वर्ष पुरणार नाही, असं ठणकावून सांगितलं. काका बिचाऱ्यांनी मागणी मागेच घेतली. अध्यक्ष खूश. "अशी माणसं हवीत," म्हणाले.

खरं कारण मी इथे लिहिते. मला त्या आवारात पाय ठेवायचा नाही. तिने चहा करून आणायचा आणि मी प्यायचा, हे होणे नाही.

नातं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगेन. आधी बघू दे, किती खोटं आहे त्या अर्जात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अपेक्षेप्रमाणे फोन आलाच. आठ वर्षं ज्या बाईला बहीण आठवली नाही तिला अर्ज टाकल्यावर बरी आठवली.

"ताई, मी बोलतेय."

"कळलं. दुकानाचा नंबर दिसतो."

"तू त्या समितीत आहेस ना? ताई, तो अर्ज... तू नीट बघ गं."

"मी नीटच बघते. पोटापाण्यासाठी तेच करत होते."

"तसं नाही. जागेवर येऊन बघ. एकदा ये ना. मागच्या बाजूनं ये, दुकानातून नको." मग आवाज आणखी खाली. "तुला नाही म्हणता येतं ना गं?"

टोमणा! म्हणजे मी नाही म्हणू शकणार नाही, बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची माझी छाती होणार नाही, असं सुचवते आहे. मी उत्तर देणार तोच तिचा आवाज एकदम बदलला. "हो हो, पांढऱ्या टाइल्स ना, पाठवते यादी, ठेवते हं," आणि ठेवलाच फोन. कसली यादी, कसल्या टाइल्स? लहानपणापासून नाटकी. आईला फसवायची तशीच.

ह्यांना सांगितलं. हे कांदा चिरत होते. (निवृत्तीनंतर स्वयंपाकघर ह्यांनी ताब्यात घेतलंय, मला भांडी घासण्यापुरताच प्रवेश.) म्हणाले, "ये की जाऊन. तिलाही आता गुडघ्यामुळे कुठे येववत नाही."

"तिचा गुडघा दुखतो हे तुम्हाला कसं माहीत?"

"वयच आहे ते," म्हणाले आणि पुन्हा कांद्याकडे वळले.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा फोन. मी उचलला नाही. दुपारी पुन्हा. उचलला.

"ताई, चोवीस तारखेला सुनावणी आहे ना? त्यात कोणीही बोलू शकतं का? म्हणजे घरचं माणूससुद्धा?"

"का, तुझ्या नवऱ्याला वाचा नाही?"

म्हणाली, "त्यांना आहे." आणि ठेवला.

बघा, तयारी कशी चालली आहे. नवरा बोलणार, मग बायको रडणार, आणि समोर बसलेली मोठी बहीण विरघळणार. माझ्यासमोर पॅकिंगच्या बायका ढसाढसा रडल्या आहेत, मालकाचा मुलगा पाया पडला आहे. मी करपलेलं बिस्किट कधी पुढे जाऊ दिलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज कळसच झाला. सकाळी एक टेम्पोवाला दारात. हातात कुंडी, कुंडीत लिंबाचं रोप, चांगलं कमरेएवढं, दोन लिंबंही धरलेली.

"बाईंनी पाठवलंय. म्हणाल्या, मागच्या अंगणातलं आहे असं सांग. अशी अजून खूप आहेत, असंही सांग."

माझं पित्त खवळलं. म्हणजे आता लाच! आणि वर आमिष, की अजून खूप आहेत, हवी तेवढी घे! मी त्याला म्हटलं, जसं आणलंस तसं परत ने. तो म्हणाला, मला फक्त पोचवायचं भाडं मिळालंय. मी परतीचं भाडं दिलं आणि कुंडी त्याच्या टेम्पोत माझ्या हाताने चढवली. पाठीत उसण भरली ती वेगळीच.

हे दारात उभे राहून बघत होते. "लिंबाची लाच मी पहिल्यांदाच पाहिली," म्हणाले. "दोनच लिंबं. सरबत झालं असतं दोघांचं."

"तुम्हाला सगळं हसण्यावारी न्यायचं असतं."

"मी हसत नाहीये," म्हणाले. आणि खरंच हसत नव्हते. "मागच्या अंगणातलं म्हणाली ना ती? तू एकदा बघून तरी ये, मागे काय आहे ते. बिस्किटसुद्धा हातात घेतल्याशिवाय नाकारायची नाहीस तू."

मी जेवले नाही आज. तेही जेवले नाहीत, पण वाढून ठेवलं होतं दोघांचं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ठरवलं. सुनावणीत सगळ्यांसमोर उभी राहून नातं जाहीर करायचं आणि बाहेर पडायचं. माझ्या मताने त्यांचा अर्ज मंजूर होणार नाही, नामंजूरही होणार नाही. कुणी बोट दाखवायला नको. नियमही तोच सांगतो. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे. पण आज फोन करून सांगून टाक की अध्यक्षांना, सुनावणीची वाट कशाला बघायची?"

नाही. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या तोंडावर सांगायचं आहे मला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

झालं एकदाचं. आणि काय सुरेख झालं!

सभागृह अर्धं भरलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेला एसी. मेहुणे पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तराचा वास. मला बघून उठून उभे राहिले. "ताई, बऱ्याच वर्षांनी!" मी मान हलवली. धाकटी शेवटच्या रांगेत, नवऱ्यापासून लांब. किती वाळली आहे. हातांना काय झालंय तिच्या, नखं काळी, बोटं चिरलेली. एवढं मोठं दुकान आणि बायकोला घरकामाला बाई ठेवता येत नाही का त्यांना?

त्यांचा अर्ज पुकारला आणि मी उभी राहिले. खणखणीत आवाजात म्हटलं, "अर्जदार माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे यजमान आहेत. ते मला कसं पटवायचा प्रयत्न करत होते, त्यात मी आत्ता शिरत नाही. मी या कामातून बाहेर पडते आहे. माझ्या बाजूने कुणाला सवलत नाही." मेहुण्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

फाइल मिटवली, पर्स उचलली आणि मधल्या वाटेने निघाले. धाकटी अर्धवट उठली होती. हात पुढे केला होता तिने, माझ्या साडीला लागला. "ताई, थांब ना, पाचच मिनिटं. माझं ऐकून जा." मी बघितलंही नाही. मागे दार लावलं.

बसने घरी आले. हे दारातच विचारत होते, "काय झालं तिचं?" मी म्हटलं, "तिचं काय व्हायचंय? माझं विचारा!" आणि सगळं सांगितलं. ऐकून आत गेले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

निकाल काय लागला कुणी कळवलं नाही. मीही विचारणार नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी भाजी आणायला गेले, तिथे बसवाले काका भेटले. पिशवी खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीनं परवा कमाल केली हो."

मला वाटलं, रडली असेल. तसंच म्हटलं.

"रडली? छे! तुम्ही गेलात आणि त्या उठून पुढे आल्या. नवऱ्याच्या शेजारून चालत. नवरा म्हणतो, 'अगं तू कुठे?' त्यांनी लक्षच दिलं नाही. माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, या नकाशावर मागे मोकळी जागा लिहिलंय. तिथे मोकळं काही नाही. तिथे मी आहे."

मी हातातली भाजी परत टोपलीत ठेवली.

"रोपवाटिका आहे हो त्यांची! सात वर्षांची! दुकानाच्या मागे जाळी लावून, पत्रे ठोकून एकटीनं उभी केलेली. फळझाडं, फुलझाडं, कलमं करतात स्वतः. आमच्या सूनबाईनं तिथूनच झाडं आणली होती, मला माहीतच नव्हतं त्याच बाई त्या. म्हणाल्या, पुढे विकतची पामची झाडं लावायची आणि मागची जिवंत झाडं उपटून त्यावर गाड्या लावायच्या, याला बागबगीचा म्हणत असाल तर मला मान्य नाही. माझ्या सहीशिवाय हे चाललंय, आणि जागा त्यांची असली तरी त्यातलं सगळं माझं आहे."

"मग मेहुणे?"

"ते हसले. म्हणाले, घरातला विषय आहे, घरी बोलू. ग्राहक गाडी लावायला जागा नाही म्हणून परत जातात, कुंड्यांवर घर चालत नाही. आणि अध्यक्षांनी गोळी या गालातून त्या गालात नेली आणि सांगितलं, घरगुती मतभेद समितीच्या कक्षेत येत नाहीत. जागेवर जाऊ म्हटलं तर म्हणाले, ती मागणी तुम्ही पहिल्याच बैठकीत मागे घेतलीत. डॉक्टरीण बाई आणि मी विरुद्ध. इंजिनिअर बाजूनं. अध्यक्षांनी आपलं मत दिलं बाजूनं, दोन-दोन झालं म्हणून वर निर्णायकही दिलं बाजूनं. मंजूर."

मग काका म्हणाले, "आपण त्या वेळी जागेवर गेलो असतो तर..." आणि थांबले. पिशवी उचलली. "असो. तुम्हाला तरी काय कल्पना."

मला त्यांच्या सभ्यपणाचाच राग आला. म्हणा ना! म्हणा की तूच आडवी आलीस! भर बाजारात ओरडून म्हणा!

घरी येऊन ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"किती वर्षं?"

"अधूनमधून फोन असतो तिचा. तुला सांगितलं असतं तर तोही बंद केला असतास." मग म्हणाले, "अर्जाचं काय आहे ते मलाही नीट सांगितलं नव्हतं तिने. म्हणाली, ताईला मीच सांगेन."

मी कपाटाचं दार इतक्या जोरात लावलं की बिजागरी निघाली. ह्यांनी मुकाट्याने पेचकस आणला.

१ मार्च, रविवार

गेले. मागच्या बाजूने गेले.

गल्लीच्या टोकाला लोखंडी फाटक, आणि आत, काय लिहू. हिरव्या जाळीखाली ओळीच्या ओळी. पिशव्यांतली रोपं, ड्रमातली मोठी झाडं, कलमांना बांधलेल्या पट्ट्या, पाण्याची टाकी, बाकड्यावर कात्र्या नीट पुसून लावलेल्या. ओल्या मातीचा वास. आणि एका टोकाला दोन माणसं शिडीवर चढून जाळी सोडवत होती. मेहुण्यांनी एक दिवसही वाया घालवला नव्हता.

धाकटी खाली बसून रोपं क्रेटमध्ये भरत होती. एक पाय लांब सोडलेला, तोच गुडघा असणार. मला बघितलं, पुन्हा काम करायला लागली.

मी म्हटलं, "तू मला सरळ का नाही सांगितलंस?"

बस. एवढंच म्हटलं, आणि ती उठली. मी तिला कधी अशी पाहिलेली नाही.

"सरळ? तुझ्याशी सरळ बोलायचं? तू फोन उचलतेस तीच तलवार घेऊन! मी दुकानातल्या फोनवरून बोलत होते, ते बाजूला उभे. माझा फोन महिनाभर त्यांच्या खिशात होता. काय सांगणार होते मी? ये म्हटलं, नाही आलीस. बघ म्हटलं, नाही बघितलंस. झाड पाठवलं, ते परत पाठवलंस! अगं, झाड बघून तरी विचारायचं होतंस, हे एवढं कुठून आलं म्हणून!"

"मला वाटलं..."

"तुला नेहमीच वाटतं! आईच्या वेळीही तुला वाटलं. दोन दिवस आली, दोन दिवस आली, सगळ्या नात्यात सांगत फिरलीस. ते दोन दिवस मला मिळाले होते, ताई. मी मागून घेतले होते. पाया पडून. तिसऱ्या दिवशी खाली गाडी येऊन उभी राहिली, आणि तू मला म्हणालीस, जा, हौस आहे तुला."

शिडीवरची माणसं थांबून ऐकत होती. मला कुणावर तरी ओरडायचं होतं म्हणून मी त्यांच्यावर ओरडले, "खाली उतरा! हात लावू नका जाळीला!"

"त्यांना कशाला बोलतेस?" धाकटी त्यांच्याही बाजूने माझ्याशी भांडली. "रोजावर आलेली माणसं आहेत ती. उतरवू दे. मीच सांगितलंय जाळी फाडू नका, गुंडाळा."

"मग तू गप्प बसून हे होऊ देणार?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला मान खाली घालावी लागली. "मी गप्प बसले?" एवढंच म्हणाली.

३ मार्च, मंगळवार

अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. विचारलं, सुनावणीत एक बाई उभी राहून सांगते की नकाशा खोटा आहे, आणि तुम्ही जागेवर माणूस पाठवत नाही?

"बाई, तुम्हीच पहिल्या बैठकीत..."

"मीच. माझ्यामुळे. मी चुकले. आता तुम्ही काय करणार ते सांगा."

गोळी थांबली. म्हणाले, मंजुरीविरुद्ध कोणीही नागरिक फेरविचार मागू शकतो, तीस दिवसांच्या आत. सभासदाला मात्र तो हक्क नाही.

मी तिथल्या तिथे त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच पेनने राजीनामा लिहिला. ते म्हणाले, "बाई, रागाच्या भरात काही करू नका." मी म्हटलं, "राग नसेल तेव्हा मी काहीच करत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं." पेन त्यांच्याकडेच आपटलं.

खालच्या मजल्यावर जाऊन नागरिक म्हणून अर्ज दिला. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आपला या जागेशी संबंध?" मी सांगितलं, "शेजारीण लिहा. नाही, थांबा. बहीण लिहा."

१० मार्च, मंगळवार

मेहुणे घरी आले. फळांची करंडी घेऊन. ह्यांनी ती त्यांच्याच हातात राहू दिली, घेतली नाही.

आवाज कायम मधात घोळलेला. "ताई, मी काही वाईट माणूस नाही. दुकान चाललं तर तीही सुखात राहील. मी तिला म्हटलं होतं, गच्चीवर ठेव ना हवी तेवढी झाडं."

"नकाशात मोकळी जागा का लिहिलंत?"

"कुंड्या हलवल्या की मोकळीच ना ती?"

"आणि तिचा फोन तुमच्या खिशात का होता?"

हसू गेलं. उठून उभे राहिले. "ताई, आठ वर्षं तुम्ही आमच्या घरात पाऊल टाकलं नाहीत. ती आजारी पडली तेव्हा नाही, माझे वडील गेले तेव्हा नाही. आणि आज तुम्ही मला हिशेब विचारता?"

हे पुढे झाले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तो हिशेब आम्ही तिला देऊ. तुम्ही निघा आता."

एवढ्या वर्षांत मी ह्यांना कुणाला घराबाहेर काढताना पाहिलं नव्हतं. मेहुणे गेल्यावर ह्यांना दोन ग्लास पाणी लागलं.

२४ मार्च, मंगळवार

फेरविचाराची सुनावणी. यावेळी मी खाली, लोकांच्या खुर्च्यांत. धाकटीला निरोप पाठवला होता. आली नाही.

माइक हातात आला आणि आवाज इतका चढला की डॉक्टरीण बाईंनी हाताने खाली खाली अशी खूण केली. मी म्हटलं, मी या समितीत होते. या नकाशावर मोकळी जागा लिहिलेलं मी वाचलं आणि जाऊन बघायला नकार दिला, कारण मला माझ्या बहिणीचं तोंड बघायचं नव्हतं. माझ्या खासगी रागावर तुम्ही मंजुरीचा शिक्का मारला आहे. आता तुम्ही जाऊन बघा, नाहीतर मी रोज येऊन इथे बसेन.

बसवाले काकांनी लगेच मागणी नोंदवली. दुपारी सगळे गेले. मीही गेले. जाळी उतरलेली, रोपंही नाहीत, पण वाफ्यांच्या खुणा, टाकी, पत्र्याची शेड, विजेचा वेगळा मीटर, सगळं तिथेच. इंजिनिअरने मोबाइलवर फोटो काढले आणि कुणाच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाला, "हे मोकळं म्हणता येणार नाही." संध्याकाळी निकाल: नकाशा वस्तुस्थितीला धरून नाही, मंजुरी रद्द, अर्जदाराने नव्याने अर्ज करावा.

जिंकले. तडक धाकटीला फोन केला.

"रद्द झालं! ती जागा तुझी तुला परत!"

"मला ती नकोय ताई."

"अगं, रद्द झालं म्हणतेय मी!"

"ऐकलं. मी रोपं हलवली. लाकडाची वखार बंद पडली ना, तिच्या मागचं आवार भाड्यानं घेतलंय. इथे ते उद्या नवा अर्ज करतील, परवा आणखी काही. किती वेळा उभी राहू?" मग म्हणाली, "तू आज बोललीस ते काकांनी सांगितलं. चांगलं केलंस. पण मला तू आज नको होतीस, ताई. फेब्रुवारीत हवी होतीस."

फोन ठेवल्यावर मला राग येईना. शोधत होते, कुठे गेला म्हणून. फार वाईट वाटतं तो नसला की.

५ एप्रिल, रविवार

न बोलावता वखारीमागे गेले. उघडं बोडकं आवार, भुशाचे ढीग, एका कोपऱ्यात तिची रोपं दाटीवाटीने उभी केलेली. प्रवासात बरीच गेली. नुसत्या काड्या राहिलेल्या पिशव्या एका बाजूला लावल्या होत्या, तिने टाकल्या नव्हत्या.

"घरी आहेस ना अजून?" मी विचारलं.

"झोपायला."

पुढे विचारायचं होतं, जीभ चावली. ती म्हणाली, "आलीच आहेस तर पिशव्या भर." मी पदर खोचला आणि मातीच्या ढिगापाशी बसले. दहा-बारा भरल्या असतील. तिने एक उचलली, दाबून बघितली आणि माझ्यासमोर ओतून टाकली.

"ढिली आहे. पाणी घातलं की बसेल. पुन्हा भर."

"अगं, चांगली तर होती!"

"चांगली नव्हती."

दुसरी उचलली, तीही ओतली. तिसरी ओतली. मला अस्सा संताप आला! आयुष्यभर लोकांचा माल मी परत पाठवला, आणि ही कालची पोर माझ्यासमोर माझ्या पिशव्या रिकाम्या करते! मी म्हटलं, मला जमणार नाही, तुझी तू भर. ती म्हणाली, बरं. आणि स्वतः भरायला लागली, एक पाय लांब सोडून, माझ्याकडे न बघता. मी पदर पुन्हा खोचला. मग ओतलेली माती पुन्हा ओढली.

दुपारी ह्यांनी डबा आणला. तिघं भुशाच्या ढिगाशी बसून जेवलो. धाकटी ह्यांच्याशीच बोलत होती, पाण्याच्या कनेक्शनबद्दल, वखारीच्या मालकाबद्दल. माझ्याशी नाही. उन्हं उतरली तशी मी उठले, चपला झटकल्या, फाटकापर्यंत गेले.

"उद्या सकाळी लवकर ये," तिने मागून आवाज दिला. "ऊन चढलं की काम होत नाही."

"विचारतेयस का?"

"नाही," ती म्हणाली. "सांगतेय."